सत्तावीस-दोन की सव्वीस-चार?

माझ्या वडिलांची सायकल पाण्याच्या नळीची आहे असं जो म्हणेल, त्याच्याशी मी बोलत नाही. त्यामुळे गेली तीस वर्षं मी इटलीतल्या आमच्या काझालूपो गावातल्या बऱ्याच लोकांशी बोलत नाही. पण गाव एवढंसं, चौकात बार एकच, कॉफीही तिथेच मिळते, आणि ती घरी पिण्यात काही अर्थ नसतो. म्हणजे त्यांच्याशी न बोलण्यासाठीसुद्धा मला रोज सकाळी त्यांच्यातच जाऊन उभं राहावं लागतं. हा त्रास कोणाला सांगायचा?

त्यातला मुख्य म्हणजे इव्हानो. इव्हानो बादली. नवव्या वर्षी त्याचं डोकं बादलीत अडकलं होतं. आज तो त्रेसष्ट वर्षांचा आहे, नातवंडं आहेत, डोक्यावर केस नाहीत, पण तो बादलीच. आमच्या भागात हे असंच चालतं. लहानपणी एक चूक करायची आणि जन्मभर तिच्या नावाने ओळखलं जायचं. माणूस मेल्यावर गावात भिंतींवर जी शोकपत्रकं चिकटवतात त्यांवरही मोठ्या अक्षरांत टोपणनाव छापतात, नाहीतर नक्की कोण गेलं ते लोकांना कळतच नाही. अख्ख्या काझालूपोत टोपणनाव नसलेला माझ्या वयाचा एकच पुरुष आहे. मी. एर्मेस झानोली, निवृत्त मोजणीदार, भूमी अभिलेख कार्यालय. चौतीस वर्षं मी लोकांच्या द्राक्षमळ्यांच्या हद्दी मोजल्या आणि एक सेंटिमीटर इकडचा तिकडे होऊ दिला नाही. अशा माणसाला नावं ठेवायला जागाच सापडत नाही, असं मी समजत होतो.

तर सायकलीबद्दल. ती चौऱ्याहत्तर साली आमच्याच गावच्या उस्ताद फेर्रुच्चोंनी बनवली. उस्ताद दोन प्रकारच्या फ्रेम बनवत. गावच्या शर्यतीच्या संघासाठी उंची नळीच्या, आणि बाकीच्यांसाठी साध्या, गावात जिला पाण्याची नळी म्हणतात तिच्या. बाहेरून दोन्ही सारख्याच जाडीच्या दिसतात. फरक आत असतो. उंची नळीचा पत्रा पातळ, म्हणून आतलं भोक मोठं आणि त्यात सीटची दांडी जाते सत्तावीस पूर्णांक दोन मिलिमीटरची. साध्या नळीचा पत्रा जाड, भोक लहान, आणि दांडी सव्वीस-चार किंवा त्याच्या आसपासची. संघाच्या बारा सायकलींपैकी एक माझ्या वडिलांची, ओरेस्तेंची, होती. हे मला वडिलांनी स्वतः सांगितलं होतं, मी दहा वर्षांचा असताना. पुढे त्यांनी ती घराच्या खिडक्यांना लावून उरलेल्या हिरव्या रंगाने रंगवली. तेव्हा नळीवरचा शिक्का गेला आणि पुरावाही गेला.

माझ्याकडे मात्र एक पुरावा होता आणि तो मी बारमध्ये अनेकदा मांडला होता. वडील दर नाताळात उस्तादांच्या घरी लाल वाइनची एक बाटली नेऊन देत. चांगली बाटली. आमच्या टेबलावर यायची त्याहून चांगली. ज्याने आपल्या गळ्यात पाण्याची नळी मारली, त्याला कोणी दरवर्षी बाटली देतं का? यावर इव्हानो फक्त खांदे उडवायचा.

या वर्षी सप्टेंबरात जुन्या सायकलींची फेरी निघायची होती. दरवर्षीच निघते, पण या वर्षी उस्ताद एक्क्याण्णव वर्षांचे झाले म्हणून ठरलं की त्यांनी झेंडा दाखवायचा आणि संघाच्या उरलेल्या सायकलींनी पहिल्या रांगेत निघायचं. साध्या नळीवाले मागून, सॉसेज भाजायची शेगडी ओढणाऱ्या ट्रॅक्टरच्या पुढे. इव्हानोच्या वडिलांची सायकल पहिल्या रांगेत. आणि माझ्या वडिलांची शेगडीपुढे? माझा बाप अकरा वर्षांपूर्वी गेला, त्याला आता उत्तर देता येत नाही. ते मी द्यायचं.

मी ताबडतोब अर्ज भरला. फेरी काढणाऱ्या आमच्या मंडळाचा अर्ज चार पानी असतो. त्याला तंबाखूवाल्याकडून आणलेलं सोळा युरोचं सरकारी तिकीट लागतं आणि हृदय ठीक असल्याचा डॉक्टरी दाखला टाचावा लागतो. टोपणनावाचाही रकाना असतो, कारण गावात एर्मेस तीन आहेत. मी त्यात ‘नाही’ असं लिहून खाली रेघ मारली. नळीचा प्रकार : उंची. दांडीचा व्यास : २७.२. खाली छापलं होतं की वरील माहिती खोटी आढळल्यास फौजदारी जबाबदारी माझी राहील. मी शाईने सही केली.

मोजलं होतं का? नव्हतं. चौतीस वर्षं दुसऱ्यांचं मोजणाऱ्या माणसाने स्वतःच्या बापाचं मोजायचं असतं का?

अर्ज देऊन मी तळघरातून सायकल काढली, पुसली आणि एक फेरी मारायला निघालो. चौकाच्या एका टोकाला मी छान ताठ बसलो होतो. चौकाच्या मध्यावर आलो तेव्हा गुडघे जरा जास्त वाकतायत असं वाटलं. बारसमोर पोहोचेपर्यंत सीट पार खाली बसली होती आणि माझे गुडघे कानांना लागत होते. बाहेरच्या टेबलांवरची बारा माणसं माझ्याकडे बघत होती. कोणी हसलं नाही, हे जास्त लागलं.

“बसली,” इव्हानो म्हणाला. “ओरेस्तेची पण अशीच बसायची. पाण्याची नळी. काय करणार.”

मी न बोलता निघून गेलो. गुडघे कानांना लागलेले असताना मानाने निघून जाणं किती अवघड असतं, ते करून बघितल्याशिवाय कळत नाही.

घरी येऊन दांडी उपसून काढली. गंजाने आणि जुन्या ग्रीसने काळी पडलेली, आणि तिच्याभोवती पत्र्याची पट्टी गुंडाळलेली. सार्डिन माशांच्या डब्यातून कापलेली पट्टी! शेपटीसकट अर्धा मासा तिच्यावर अजून दिसत होता. उस्तादांच्या फ्रेममध्ये भलतीच बारीक दांडी आणि ती बसावी म्हणून माशाच्या डब्याचा पत्रा. कोण्या गाढवाने हे केलं असेल? वडील तर असलं करणं शक्य नाही. ते कारखान्यात यंत्र जुळवणारे होते, केसाएवढ्या फटीवरून रात्रभर अस्वस्थ असायचे. कोणाला तरी सायकल वापरायला दिली असणार आणि त्या गाढवाने हा उद्योग करून ठेवला असणार. मी लोरेदानाला, म्हणजे माझ्या बायकोला, तसं म्हटलंही.

“गाढव सापडलं की मला सांग,” ती म्हणाली. “आधी तळघराच्या पायऱ्यांवर सांडलेलं ग्रीस पूस.”

मग मी व्हर्नियर काढला. निवृत्तीच्या दिवशी कार्यालयाने भेट दिलेला, मखमली डबीतला. भोक मोजलं. एका बाजूने सव्वीस-चार आलं. जरा फिरवून मोजलं तर सव्वीस-नऊ. आणखी फिरवलं तर सव्वीस-सहा. मी चष्मा पुसला आणि पुन्हा मोजलं. पुन्हा तीन वेगवेगळी उत्तरं. एका भोकाला तीन व्यास असू शकत नाहीत. भूमी अभिलेखात असं काही आलं असतं तर मी प्रकरण परत पाठवलं असतं.

एवढ्यात वरच्या मजल्यावरच्या नोरीनाबाई जिन्यातून खाली आल्या. त्या ऐंशीच्या आहेत, आणि त्यांना कोणी विचारत नाही म्हणून त्या विचारायची वाट बघत नाहीत.

“अरे, लोखंडाने लोखंड कसलं मोजतोस?” त्या म्हणाल्या. “पिठाचा ठसा घे. माझ्याकडे सकाळचं मळलेलं आहे, अंड्यातलं, घट्ट. आत दाबायचं, ओढून काढायचं, आणि ते मोजायचं. आमच्या ह्यांनी दातांचा ठसा असाच दिला होता.”

आता मला सांगा, ऐंशी वर्षांची बाई हातात पिठाचा गोळा घेऊन समोर उभी आहे, तिला नाही कसं म्हणायचं? पीठ आत गेलं. लाटण्याने दाबलं. बाहेर मात्र आलं नाही. त्याच दिवशी आम्हाला मेहुणीकडे पार्माला जायचं होतं. तिथे दोन दिवस गेले. परत आलो तेव्हा सीटच्या नळीत वीतभर लांबीची वीट तयार झाली होती. गरम पाणी ओतलं, लाटणं आणि हातोडी घेऊन ठोकलं, तेव्हा ती खाली सरकली आणि पॅडलच्या बेअरिंगपाशी जाऊन फुटली. पुढे आठवडाभर पॅडल मारलं की खालून चुरा पडायचा. गल्लीतली कबुतरं माझ्या मागून चालायला लागली. नोरीनाबाई म्हणाल्या, “तू अंडं जास्त कोरडं होऊ दिलंस.” म्हणजे चूक माझीच.

शेवटी वाल्तेरकडे गेलो. वाल्तेर सायकली दुरुस्त करतो. दुपारी साडेबाराला दुकान बंद करतो आणि चारला उघडतो, आणि मी सव्वाबाराला पोहोचलो म्हणून त्याचं तोंड वाकडं झालं होतं. तरी त्याने दांड्यांचा खोका काढला. या दांड्या दोन-दोन दशांशाच्या फरकाने असतात. सत्तावीस-दोन लावून बघितली, तोंडाशीच अडली. सत्तावीस नाही. सव्वीस-आठ नाही. सव्वीस-सहा नाही. सव्वीस-चार गेली.

“सव्वीस-चार,” वाल्तेर म्हणाला. मग त्याने ती हलवून बघितली आणि कपाळाला आठ्या घातल्या. “पण गंमत बघ, वर घट्ट आहे आणि खाली ढिली. हे काही बरोबर...”

“सव्वीस-चार म्हणजे पाण्याची नळी!” मी म्हणालो.

“साधी नळी म्हणतात तिला. वाईट नसते. माझं ऐकून घे ना, खाली ती हलतेय...”

“तूही बादलीच्याच पंगतीतला!” मी म्हणालो आणि सायकल उचलली. जुनी, माशाच्या पट्टीची दांडी त्याच्या टेबलावर आपटली. “आणि ही भंगारात टाक. ज्या गाढवाने बसवली त्याची आठवण माझ्या घरात नको.”

त्याने ती रॉकेलच्या डब्यात टाकली. वाल्तेर काहीच फेकत नाही. माझ्या मते हा एक आजार आहे.

त्या दुपारी मला सहीची आठवण झाली. फौजदारी जबाबदारी! मी, ज्याने चौतीस वर्षांत एक खोटा आकडा लिहिला नाही, त्याने सरकारी तिकिटावर सत्तावीस-दोन लिहून दिलं होतं. मी धावत मंडळाच्या चिटणिसांकडे, अदेल्मोंकडे गेलो. अदेल्मो पूर्वी शाळेत कारकून होते आणि अजूनही प्रत्येकाकडे वर्गाबाहेर उभं केलेल्या मुलासारखं बघतात.

“एका आकड्याची दुरुस्ती करायची आहे,” मी म्हणालो.

“खाडाखोड चालत नाही, झानोली. तुम्हालाच ठाऊक असायला हवं.”

“मग दुसरा अर्ज द्या.”

“देतो. त्याला नवं तिकीट. आणि डॉक्टरी दाखला पहिल्या अर्जाला टाचलेला आहे. टाचलेला कागद काढता येत नाही, म्हणजे दाखलाही नवा. आणि डॉक्टर सोमवारपर्यंत समुद्रावर गेलेत.” मग चष्म्यावरून बघत त्यांनी विचारलं, “कुठला आकडा चुकला म्हणालात?”

मी काय सांगणार? मी म्हणालो, “काही नाही. बघत होतो.” आणि निघालो. मागून ते म्हणाले, “तुमच्यासारख्या माणसाने आधी मोजायला हवं होतं.” हे वाक्य मी चौतीस वर्षं दुसऱ्यांना ऐकवत आलो होतो.

आता एकच मार्ग उरला होता. लिहिलेलं खरं करून दाखवायचं. मी बाहेरगावाहून सत्तावीस-दोनची दांडी आणली, तिला डुकराची चरबी चोपडली, वर लाकडाचा ठोकळा धरला आणि हातोडी घातली. ती दोन बोटं आत गेली आणि अडकली. पुढेही जाईना आणि मागेही येईना. सीट माझ्या छातीला लागत होती.

लोरेदाना बाल्कनीतून बघत होती. “छान झालं,” ती म्हणाली. “आता चढायला पाद्रीबाबांकडून घंटेची शिडी आणू का?”

“माझ्या बापाच्या इज्जतीचा प्रश्न आहे!” मी खालून ओरडलो.

“मग उस्तादांना जाऊन विचार ना. त्यांनीच बनवलीय. दोन गल्ल्या सोडून राहतात.”

हे मला सुचलं नव्हतं असं नाही. पण विचारायला जाणं म्हणजे शंका आहे असं कबूल करणं, आणि मला शंका नव्हती. शिवाय, खरं सांगायचं तर, उस्ताद ‘साधी’ म्हणाले तर पुढे काय, याची मला भीती वाटत होती. वडील माझ्याशी खोटं बोलले असतील, हा विचार मी तीस वर्षं मनात येऊ दिला नव्हता. तो आता त्या छातीएवढ्या सीटकडे बघताना आला.

गेलो. रस्ता बारवरूनच आहे. सायकल हाताने ढकलत नेली. इव्हानोने कॉफीचा कप खाली ठेवला. “एर्मेस,” तो म्हणाला, “सीट कोणासाठी आहे? घंटाघरावरच्या पुतळ्यासाठी?”

उस्ताद आपल्या बंद कारखान्याच्या वर मुलीबरोबर राहतात. डोळे जवळजवळ गेलेले आहेत. मुलीने त्यांना हात धरून खाली आणलं. त्यांनी सायकल नुसती हाताने चाचपली. सीटच्या नळीला मागे एक उभी चीर असते. बोल्ट आवळला की ती मिटते आणि दांडी घट्ट धरते. उस्तादांनी त्या चिरेवर अंगठा फिरवला, एकदा वर आणि एकदा खाली, आणि हसायला लागले.

“उस्ताद, नळी कुठली आहे तेवढं सांगा. काय असेल ते ऐकायची माझी तयारी आहे,” मी म्हणालो. माझी तयारी नव्हती.

“नळी संघाचीच,” ते म्हणाले. “तोंड तेवढं मिटवलंय. हात इकडे दे. ही चीर खाली रुंद आहे ना? आणि वर तिच्या कडा एकमेकींना चिकटल्यात. बारीक दांडी घालून कोणीतरी बोल्ट एवढा आवळलाय, एवढा, की पान्याला लांब पाइप लावून वर उभं राहिल्याशिवाय हे होत नाही.”

“मी म्हणत होतोच! कोणी तरी गाढव!”

“गाढव नको म्हणू,” उस्ताद म्हणाले. “पोरवयाचं असेल. घाईत असेल.”

त्यांनी सांगितलं तसं मुलीने अडकलेली दांडी पिळून काढली, चिरेत लाकडाची पाचर ठोकली, मग भोक मोठं करायचा लांब रीमर आत फिरवला. लोखंडाचा चुरा पडला, मागून थोडं नोरीनाबाईंचं पीठही पडलं. आणि सत्तावीस-दोनची दांडी तेल लावून तोंडाशी धरली तर आपल्या वजनाने, कोणी हात न लावता, हळूहळू आत उतरली. मी तिथे रडलो. मला त्याची लाज वाटत नाही. मुलीने मला खुर्ची दिली.

निघताना उस्तादांनी माझं मनगट धरलं. “तुझा बाप गेल्यापासून माझी नाताळची बाटली बंद झाली,” ते म्हणाले. “तरी मी कुठे तोंड उघडलं नाही, बघ.”

मला वाटलं, वय झालंय, काहीतरी बोलतायत.

मी सायकलीवर बसून बारसमोर आलो. सीट जागची हलली नाही. सगळे होते. मी उतरलो, सायकल बरोबर इव्हानोच्या टेबलाला टेकवली आणि म्हणालो, “सत्तावीस-दोन! उस्तादांनी स्वतः सांगितलं. संघाची नळी. तीस वर्षं तू माझ्या बापाला खोटं पाडत आलास, बादली. उभा राहा आणि माफी माग.”

इव्हानो उभा राहिला नाही. तो मनापासून गोंधळलेला दिसत होता. “पण पाण्याची नळी हे मी कुठे काढलं?” तो म्हणाला. “तुझाच बाप म्हणायचा. ह्याच खुर्चीत बसून. सीट का बसते रे ओरेस्ते, म्हणून कोणी विचारलं की म्हणायचा, काय करणार, फेर्रुच्चोने पाण्याची नळी गळ्यात मारली. आम्ही आपले त्याचंच म्हणणं पुढे चालवलं.”

“माझा बाप? त्याला ठाऊक होतं नळी कुठली आहे ते! तो असं कशाला म्हणेल?”

मी आणखी बरंच काही बोललो, त्यातलं गाढवाबद्दलचं मला आठवतं. म्हणालो, ते गाढव या गावातच कुठेतरी जिवंत असेल, आणि सापडलं की मी त्याला असं टोपणनाव देईन की त्याच्या शोकपत्रकावर छापलं जाईल.

त्याच वेळी वाल्तेर चौक ओलांडून आला. साडेबारा वाजून गेले होते. त्याच्या हातात फडक्यात गुंडाळलेली ती जुनी दांडी होती. रॉकेलमधून निघून ती चकचकत होती.

“तू त्या दिवशी ऐकून घेतलं नाहीस,” तो मला म्हणाला. “म्हणून म्हटलं आणूनच दाखवावी.” आणि त्याने ती टेबलावर ठेवली.

दांडीवर कानशीने खुणा केलेल्या होत्या. एकेका सेंटिमीटरला एक बारीक रेघ, पाच सेंटिमीटरला जरा लांब, वरपासून खालपर्यंत, अगदी सरळ. आणि तळाशी दोन अक्षरं. माझ्या नावाची.

काझालूपोत सायकलीच्या दांडीवर सेंटिमीटरच्या खुणा करणारा मुलगा एकच होता.

मला सगळं आठवलं, एकदम नाही, पण पटापट. एकोणऐंशी साल. चर्चच्या मुलांची शर्यत. मी सोळा वर्षांचा. माझ्या सायकलीची दांडी बारीक आणि जड, वडिलांची हलकी आणि चमकणारी. शनिवारी वडील पाळीला गेले होते तेव्हा मी त्यांची काढली, माझ्या सायकलीच्या झिजून मोठ्या झालेल्या भोकात बसवली, आणि त्यांना कळू नये म्हणून माझी त्यांच्या सायकलीत घातली. ती फिरत होती, म्हणून पान्याला बागेतला पाइप लावून मी त्यावर उभा राहिलो. शर्यतीत सातवा आलो. शेवटच्या वळणावर पडलोही, आणि वडिलांची दांडी वाकली. ती मी नदीत टाकली. वडिलांच्या काही लक्षात आलं नाही, असं मी तेव्हा ठरवलं आणि मग विसरूनच गेलो. केसाएवढी फट ज्याला झोपू देत नसे त्या माणसाच्या लक्षात आलं नाही!

टेबलाभोवतीच्या सगळ्यांचं गणित माझ्याबरोबरच चाललं होतं. उस्तादांची फ्रेम बिघडवणारा मुलगा त्या काळी या बारमधून टोपणनावाशिवाय सुटला नसता. बापाने सीट खाली बसू दिली, माशाच्या डब्याची पट्टी गुंडाळली, रोज इथे बसून आपल्याच उत्तम सायकलीला नावं ठेवली. आणि ज्या उस्तादांच्या नावाला त्यामुळे बट्टा लागत होता, त्यांना दर नाताळात भरपाईची बाटली नेऊन दिली. पस्तीस नाताळ. आणि मी समजत होतो की मला टोपणनाव नाही ते माझ्या सभ्यपणामुळे.

इव्हानोने दांडी उचलली, डोळ्यांजवळ नेली आणि खुणा बघितल्या. मग व्यवस्थित खाली ठेवली.

“किती नंबरची आहे रे ही, वाल्तेर?” त्याने विचारलं.

“सव्वीस-चार.”

“सव्वीस-चार,” इव्हानो म्हणाला. दुसऱ्या टेबलावरूनही कोणीतरी म्हणालं, “सव्वीस-चार.” मग इव्हानोने माझ्यासाठी खुर्ची मागे ओढली. “बस, सव्वीस-चार. कॉफी घे.”

सोमवारी डॉक्टर समुद्रावरून आले. मी नवा दाखला घेतला, नवं तिकीट घेतलं, नवा अर्ज भरला. उस्तादांकडे एक चांगली बाटली नेऊन ठेवली. नाताळ लांब होता, पण अकरा वर्षांची बाकी होती.

अदेल्मोंनी अर्ज ओळीओळीने वाचला आणि पेन एका जागी थांबवलं.

“झानोली, दांडीचा व्यास सत्तावीस-दोन लिहिलाय. आणि टोपणनावाच्या रकान्यात सव्वीस-चार. दोन्ही कसं खरं असेल? फौजदारी जबाबदारी आहे, ठाऊक आहे ना?”

“ठाऊक आहे,” मी म्हणालो. “पहिलं वडिलांचं आहे. दुसरं माझं.”